डेरेकचं गाणं आणि शनिवारचा बिंगो

आमचे हे, म्हणजे डेरेक ऑलरॉइड, रॉक संगीतकार. आमच्या बार्न्सली गावाबाहेर यांना कुत्रं ओळखत नाही, आणि बार्न्सलीत ओळखतात ते दुधाच्या गाडीमुळे. पण घरात रुबाब असा, की लंडनची मोठमोठी माणसं यांच्या होकारासाठी ताटकळलीयत. लंडनहून एकदा फोन आला खरा. राँग नंबर होता.

तरुणपणी केस खांद्यापर्यंत आणि विजार इतकी घट्ट, की हे बसायला लागले की मलाच धाकधूक व्हायची. आता केस गेले, विजार राहिली. दर शनिवारी हे खाणकामगारांच्या क्लबात गिटार घेऊन उभे राहायचे. लोकांना हवी दुसऱ्यांची गाजलेली गाणी. यांना म्हणायचं असायचं स्वतःचं एकच, 'कोळशाखालची आग'. लग्नाआधी माझ्यावर रचलंय म्हणे. त्यातली मी कोळसा की आग, हे मी कधी विचारलं नाही.

पण आमच्या क्लबात कागदावरचे आकडे खोडायच्या त्या बिंगोपुढे देवाचंही काही चालायचं नाही. फर्माइशी उरकून हे आपल्या गाण्याला हात घालायचे, दुसरं कडवं रंगात यायचं, आणि क्लबचा सेक्रेटरी वॉल्टर माइक हिसकावून घ्यायचा.

"बास रे बाबा डेरेक! मंडळी, पेन्सिली काढा, बिंगो!"

की सगळ्यांच्या माना कागदात. घरी आल्यावर यांचं तेच पालुपद.

"ब्रेंडा, एकदा, फक्त एकदा पूर्ण म्हणू दिलं ना, तर हे गाव मला काय समजेल!"

"आत्ता काय समजतं?"

"दूधवाला."

तोंड एवढंसं व्हायचं. मला आधी हसू यायचं, मग गलबलून यायचं.

खाण बंद पडली, पाठोपाठ क्लबही बंद करायचं ठरलं. शेवटच्या शनिवारी वॉल्टर स्वतःच माइकवर म्हणाला, "बिंगो आज थांबेल. डेरेक, म्हण बाबा तुझं गाणं. अगदी शेवटपर्यंत म्हण."

यांनी सुरुवात केली. कुणी पेन्सिलीला हात लावला नाही. मीही पहिल्यांदाच नीट ऐकलं, आणि खरं सांगते, छान होतं हो! दुसरं कडवं संपलं. हे नुसतंच वाजवत राहिले. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग माझ्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. या माणसानं पुढचं कधी रचलंच नव्हतं. इतकी वर्षं त्याची गरज पडली होती कुठे!

यांच्या कपाळावर घाम, आणि मेला वॉल्टर कौतुकानं ऐकतोय. शेवटी मीच उठून ओरडले, "अरे ए वॉल्टर, बिंगो कधी सुरू करतोस?"

सगळा क्लब माझ्या अंगावर आला. "लाज नाही वाटत, ब्रेंडा? म्हणू दे की त्याला!" गिटार खाली ठेवत यांनी मोठ्या मनानं हात वर केला आणि हे म्हणाले, "जाऊ द्या मंडळी, काढा पेन्सिली."

घरी येताना मला म्हणाले, "आज तरी पूर्ण म्हणू द्यायचं होतंस."

"चुकलं माझं," मी म्हटलं. यांनी घरापर्यंत माझा हात सोडला नाही.