शोकसभेतली अमेरिका

आमच्या कळंबात अग्नी दिला की लोक लगेच घरी जात नाहीत. मोक्षधामाच्या शेडमध्ये शोकसभा होते. चार जण गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, दोन मिनिटं मौन, मग पांगापांग. बायका घरीच असतात. त्यांच्या कानावर पडतं ते आपण येऊन सांगू तेवढंच.

म्हणून भावाची तिरडी उचलायच्या आधी वहिनीनं मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, सभेत त्या म्हातारीचं सांगजा. बाकी कोणाले मालूम नाही."

भाऊ शाळामास्तर. एका निवडणुकीत त्याची ड्युटी मुकुटबनकडल्या एका कोलाम वस्तीवर लागली होती. दुपारनंतर कोणी फिरकेना. सोबतचे आवरायच्या घाईत. हा हटून बसला, वेळ संपेस्तोवर कोणी उठायचं नाही. आणि अगदी शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली. सकाळपासून चालत होती बिचारी. बोटाला शाई लावताना ती लाजली, हे भाऊ घरात आम्हाला दरवेळी हसून सांगायचा. त्याच्या नोकरीतलं त्याला सगळ्यात आवडलेलं काम तेच.

सांगतो म्हटलं. पण तो दिवस नेमका अमेरिकेतल्या निवडणुकीच्या निकालाचा. इकडे सरण धडधडून राह्यलं आणि शेडमध्ये अर्धे लोक मोबाईलात मुंडकं घालून. कोणत्या राज्यात कोण पुढं! ज्यांना आपल्या वॉर्डाचा मेंबर सांगता येत नाही, ते तिथल्या राज्यांची नावं घेत होते. एकाचा जावई तिकडे, त्याला व्हिसाची चिंता, ते तरी समजू शकतो. कापसाच्या व्यापाऱ्याला भाव चढायची आशा. बाकीच्यांचं काय अडलं होतं? शिसारी आली मला.

पहिला उठला तो एक माजी पुढारी. गुरुजी देवमाणूस होते, एवढं एक वाक्य बोलला आणि तिथून गाडी जी सुटली ती थेट वॉशिंग्टनला. तिथं योग्य माणूस आला, आता आपलेही दिवस पालटणार, म्हणे. लोक माना डोलवू लागले. एकानं तर टाळी वाजवली, मसणात!

माझं डोकं सणकलं. ताडकन उठलो. सांगायचं होतं म्हातारीचं, पण तोंडातून निघालं, "कायचे दिवस पालटते? तो आपल्याले ओळखते तरी का?" मग त्याचा कर, त्याचा व्हिसा, त्याची बढाई, रोज पेपर वाचून पोटात साठवलेलं सगळं ओकलो. पुढारी उलटून बोलला, मी त्याच्यावर चढलो. शेवटी सभा चालवणाऱ्यानं दोघांनाही बसवलं आणि मौन जाहीर केलं.

मान खाली घातली तेव्हा म्हातारी आठवली. आता बोलता येत नव्हतं. दोन मिनिटं झाली आणि लोक चपला शोधू लागले.

घरी दारातल्या बादलीतून पाय धुतले, कडुनिंबाचा पाला चावला. वहिनी आत बायकांत बसली होती. तिनं विचारलं, "सांगतलं का, भाऊजी?"

हो म्हटलं. जीभ कडू होतीच.

तेवढ्यात माझ्यामागून शेजारी आत आला, मोठ्या कौतुकानं. "वहिनी, आज तुमचे भाऊजी लय जबरा बोलले. अमेरिकेची पार वाट लावून टाकली."

वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पदर पुढं ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.