दौंडच्या निळ्या पेपरवेटमधली खोट

काचेचे पेपरवेट जमवणाऱ्या माणसाला घरात फारसा मान नसतो. तरीही एका रविवारी सकाळी मी मोटरसायकल काढली. जायचं दौंडला, पण शिरूरवरून वळसा घालून, कारण कारेगावजवळचा बंद पडलेला, पेपरवेट बनवणारा काचकारखाना बघायचा होता.

बघण्यासारखं फक्त कुलूप होतं. समोरच्या हॉटेलातली मिसळ मात्र झकास. तर्री मागून घ्या. मालक म्हणाला, "सेकंड माल, म्हंजी खोट असलेला, कामगार घरी न्यायचे, कुणी काय म्हणत न्हवतं. आमच्यात लोणचं दाबायला त्येच हाय."

शिरूर सोडल्यावर मांडवगण फराट्यापर्यंत रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा आणि खड्ड्यांचा. कंबर सांभाळा.

दौंडला स्टेशनमागे शकिलाचाची राहतात. त्यांचे पती त्या कारखान्यात होते, आता हयात नाहीत. त्यांच्याकडे निळ्या फुलाचा पेपरवेट असल्याचं मित्राकडून कळलं होतं. तिथला निर्दोष निळा नग मी कित्येक वर्षं शोधत होतो. चाचींनी तो ट्रंकेतून काढला.

"चांगला निघाला तर तुम्हीच न्या. सेकंड असंल तरच घरात ठिवीन."

"उलटं नाही का?"

"न्हाई. सेकंड न्यायला परवानगी व्हती, चांगला नेला तर चोरी. सुपरवायझरनं आमच्या ह्यांना चोर म्हणून काढलं. हे मरेपर्यंत म्हणायचे, सेकंडच हाय."

खोट शोधायची पद्धत सोपी आहे. नग उलटा धरून उन्हात फिरवायचा. कललेलं फूल, काचेत दुमडीची रेघ, पाकळीत अडकलेला बुडबुडा, यातलं काहीही दिसलं की सेकंड. इथे फूल बरोबर मधोमध होतं. रेघ नव्हती. चाची चहातली साखर ढवळत होत्या. ती केव्हाच विरघळली होती. मला हाव सुटली होती आणि त्याची लाजही वाटत होती.

मग भिंग लावलं. एका पाकळीमागे खसखशीएवढा बुडबुडा. गप्प राहिलो असतो तर नग माझा होता.

"सेकंड आहे, चाची."

"कुठं?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "व्हय की," म्हणाल्या, आणि पदराने आधी डोळे पुसले, मग पेपरवेट. तो ट्रंकेत परत गेला नाही, टीव्हीवर बसला.

परतीला सोलापूर रोड धरला. रस्ता चांगला, प्रवास कंटाळवाणा.

"मिळाला?" बायकोने दारातच विचारलं.

"नाही. सेकंड निघाला."

"अरेरे. म्हणजे फेरी फुकट."

वाईट मला वाटत होतंच, निळा नग अजूनही हवा आहे. पण तिला म्हटलं, "फुकट नाही. दौंडचा एक माणूस चोर नव्हता."