कोरड्या बोअरमधली हातोडी

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूत-बित, संकेत-बिंकेत कधी मानले नाहीत, आजही मानत नाही. पण हा प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. समुद्रातले तेलाचे जुने प्लॅटफॉर्म अजून किती वर्षं सुरक्षित उभे राहतील, हे तपासणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीत मी होतो. मी ऑफिसात बसून आकडेमोड करायचो. पाण्याखाली उतरून पाइपांचे जोड पाहायचा दिनकर — जालन्याच्या मस्तगडातला, माझा शाळेपासूनचा मित्र. तो पाइप हातोडीनं ठोकून बघायचा. पोकळ असला तर टण्ण वाजायचा. चीर पडून आत पाणी शिरलं असलं, की आवाज बसका — थड.

मेच्या शेवटी सुट्टीवर बदनापूरला काकांकडे गेलो होतो. भर दुपारी शेतात लिंबाखाली पडलो होतो. शेजारी बोअर, त्याला कधी पाणीच लागलं नव्हतं. नुसता लोखंडी पाइप वर आलेला. त्यातून आवाज आला... टण्ण. टण्ण. थड.

बाजूला पडलेले काका उठून बसले. "खाली कोन ठोकून राह्यलं रे?"

म्हणजे भास नव्हता! पाइपाला कान लावला. पुन्हा तेच.

स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर पळालो आणि कंपनीच्या बंदरावरच्या ऑफिसला फोन लावला. समुद्र खवळल्यामुळे पाणबुड्यांची बोट किनाऱ्याला आली होती. फोनवर दिनकरच आला.

"मी आज पाण्यात गेलोच न्हाई. चहा पिऊन राह्यलो."

मी सगळं सांगितलं. तो खदखदून हसला.

"उतरू नको दिनकर."

"तिथला एक जोड मला बराबर वाटंना. कुनी तरी पाह्यला पाहिजे ना? वर मानसं राह्यतेत."

कंपनीतल्या साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "ऊन लागलं असेल, आराम करा."

समुद्र निवल्यावर दिनकर उतरला. त्याच जोडापाशी त्याची हवेची नळी अडकली. वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं...

नंतर दुसऱ्या पाणबुड्यानं तो पाइप तपासला. आत पाणी भरलेलं होतं. त्या जोडाभोवती आधाराला लोखंडी पट्टा आवळून बसवला आणि प्लॅटफॉर्मला मुदत वाढवून मिळाली. ती आकडेमोड मीच केली.

दिनकरच्या वडिलांचं मस्तगडात कापडाचं दुकान होतं. तिथं बसून त्यांना बोअरचं सांगितलं. ते हातातला कापड मोजायचा गज चोळत राहिले. मग म्हणाले,

"तुला ऐकू आलं. तुझ्या काकाला आलं. मी तर बाप हाये त्याचा... मला का न्हाई आलं?"

ते आता नाहीत.