मुकुंदचा हायपो

रामाकोन्याच्या बाजारात मुकुंदचं फोटोचं दुकान होतं. शेजारच्या गोदामात मी हमाली करत होतो. कामचुकार माणूस मला लगेच कळतो. मुकुंद तसा नव्हता. फोटो पक्का व्हावा म्हणून तो हायपो नावाच्या क्षाराच्या पाण्यात पुरता वेळ ठेवायचा, मग विहिरीच्या पाण्यानं धूत बसायचा. गिऱ्हाईक ओरडलं तरी घाई नाही.

सत्त्याऐंशी साली पावसानं दडी मारली. ज्वारी वीतभरच राहिली. दुकानामागच्या वावरात हिरामणनं विरळणी केली आणि उपटलेली कोवळी रोपं बैलापुढं टाकली. थोड्याच वेळात बैल धापा टाकत कोसळला. हिरामणची दुसरा बैल घ्यायची ऐपत नव्हती.

बाजाराचा दिवस होता म्हणून ढोरांचे डॉक्टर श्रीधर चहाच्या टपरीवरच सापडले. त्यांनी सुई दिली.

"किराळ लागली, कोवळ्या ज्वारीचं विष. पोटात अजून चारा आहे. हायपो पाहिजे."

"फोटोचा?" मुकुंदनं विचारलं.

"तोच. त्यातलं गंधक विषाले चिकटते, मंग विष लघवीतून निघून जाते."

शाळेतल्या शिक्षिका सरलाबाईंना वर्गांचे फोटो मुकुंदला दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. हायपोचा डबा एकच. डॉक्टरांनी सांगितलेलं माप भरताच तो रिकामा झाला. खडीसाखरेसारखे खडे मुकुंद बाटलीतल्या पाण्यात हलवत राहिला. खडे विरघळत गेले तशी बाटली हाताला गार लागू लागली.

"मुकुंदभाऊ, पुरे ना गा! बैल मरून राहिला!" हिरामण ओरडला.

"खडा राहिला तर तेवढं औषध वाया जाईन. पकड त्याचं तोंड."

मुंडकं मी धरलं. औषध पोटात गेलं. हळूहळू धाप उतरली. बैलानं कान हलवला आणि तो उठला.

मग डॉक्टर चहा प्यायले. "हे विष म्हणजे एक आम्लच, पण लिंबाच्या आम्लापेक्षाही कमजोर," ते म्हणाले. "जीभ पोळत नाही, पण घेतलेला श्वास अंगाला लागू देत नाही. कोवळ्या ज्वारीत बांधलेलं असते, चावली का सुटते. परदेशात संत्र्याच्या झाडांवरचे किडे याच विषाच्या धुरीनं मारत."

दुसऱ्या दिवशी सरलाबाई आल्या.

"फोटो?"

"हायपो बैलानं पिला, बाई."

"मग तिसरीचा वर्ग कुठं गेला, तेही बैलालाच विचारू?"

नागपूरहून हायपो आला. फोटो धुवायला हिरामण विहिरीतून पाणी ओढत होता.

"झाले ना आता?"

"अजून दोन बादल्या," मुकुंद म्हणाला.

मागं बैल वाळका कडबा चघळत उभा होता.