आईंच्या बाजूचं दार

गेल्या महिन्यात पेणहून रोह्याकडे येत होतो... मी आणि माझ्या सासूबाई, आमच्या जुन्या जीपमधून. भिसे खिंडीत उजवीकडचं वळण घेतलं आणि आईंच्या बाजूचं दार धाडकन उघडलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. त्यांचं अर्धं अंग बाहेर, खाली पळणारा रस्ता, समोरून येणारा ट्रक... एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हाताने मी त्यांचा दंड घट्ट धरला आणि ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली. ट्रक हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला. आई सीटवर होत्या आणि माझी बोटं त्यांच्या दंडात रुतली होती... ती सोडवायलाही मला वेळ लागला.

आईंना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, उजवी बाजू लुळी पडली होती. व्यायामाच्या उपचारासाठी पेणला न्यावं लागतं. नवरा कंपनीत शिफ्टला, म्हणून गाडी माझ्याकडे. आमच्या वाडीचा रस्ता असा, की रिक्षावाला फाट्यावरच हात जोडतो.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मी नाय बसायची गो त्या गाडीत."

आणि खरंच नाही बसल्या. आम्ही समजावलं, दाराला दोरी बांधून दाखवली, नवरा चिडलासुद्धा. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. उपचार थांबले. उजव्या हाताची बोटं जरा उघडायला लागली होती, ती पुन्हा मिटायला लागली... मला रोज दिसत होतं. फोनवर डॉक्टर म्हणाल्या, असं मध्येच सोडलंत तर मिळवलेलंही जाईल.

म्हणून दारंच बदलायची ठरवली. पेणला नझीरभाईंचं गॅरेज आहे, तिथे दोघं गेलो. हमरापूरहून मूर्ती न्यायला आलेला एक टेम्पो आधी लागला होता, तोवर आम्ही मागच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांची दारं बघत फिरलो. अर्धी दारं, पूर्ण दारं, काचेची, ताडपत्रीची... नवऱ्याला पूर्ण लोखंडी हवी होती. मला फक्त न उघडणारं दार हवं होतं.

नझीरभाईंनी आमची जुनी खिट्टी बऱ्याच वेळा उघडून-मिटून पाहिली. "ताई, ही धडधाकट हाय. घासलेली नाय, सैल नाय."

"मग उघडलं कसं?" नवऱ्याने विचारलं.

त्यांनी मान हलवली. "गाडीचं वय झालं. खड्ड्यात हिसका बसला असंल..."

हे ऐकून मला काही बरं वाटलं नाही. कशामुळे उघडलं तेच माहीत नसेल, तर नवीन दाराचा तरी काय भरवसा?

शेवटी दोन प्रकार उरले. एकाला आमच्या जुन्या दारासारखंच आतून लांब, जाड हँडल, जरा दाबलं की उघडणारं. दुसऱ्याचं हँडल छोटं, दाराच्या पत्र्यात आत बसवलेलं... बोटं घालून वर ओढावं लागतं. नवरा म्हणाला, आईच्या हातात जोर नाही, पहिलंच घेऊ. नझीरभाईंनाही तेच पटलं. मलाही. पण होकार द्यायला तोंड उघडेना. म्हटलं, कायमचं बसवू नका, नुसतं अडकवून द्या... आई एकदा बघू देत.

जीप घरी आणून अंगणात उभी केली. आई बाहेर यायला तयार नव्हत्या. मी गाडीची किल्ली काढून त्यांच्या मुठीत दिली. म्हटलं, "गाडी चालणारच नाय आई. किल्ली तुमच्याकडे." तेव्हा कुठे त्या बसल्या.

दार लावलं. नवऱ्याने बाहेरून गाडी गदागदा हलवली. पुन्हा हलवली. दार जागचं हललं नाही. तो खूश. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि सहज म्हटलं, "आई, समजा खिंडीतलं वळण आलंय..."

त्यांनी किल्ली मांडीवर टाकली आणि डाव्या हाताने दाराचं हँडल गच्च धरलं. अंगाचा सगळा भार त्याच्यावर.

खट्ट... दार उघडलं.

आई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी... मीच उघडलं व्हय गो?"

मला रडूच फुटलं. त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हटलं, "नाय आई. धरायला दुसरं काही आम्ही ठेवलंच नव्हतं."

नवरा तिथेच पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवशी आत बसवलेल्या हँडलची दारं घेतली. नझीरभाईंनी आईंच्या समोर डॅशबोर्डवर रबर चढवलेला लोखंडी दांडा बसवला आणि दोन्ही सीटना पट्टे लावले. आई मग दोन दिवस गाडीकडे नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आपणहून म्हणाल्या, "चल, जाऊन येऊ."

खिंडीच्या तोंडाशी गाडी थांबवून मी त्यांचा पट्टा पुन्हा ओढून पाहिला. आईंचे डोळे गच्च मिटलेले, हात दांड्यावर... वळण गेलं. पुढचंही गेलं. नागोठणं मागे पडलं तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "जरा हळू घे गो, तुला लय घाई." इतक्या दिवसांनी त्या मला ओरडल्या, आणि मला इतकं हलकं वाटलं!

त्या दाराबद्दल आम्ही सगळ्यांना विचारलं होतं. मेकॅनिकला, नवऱ्याच्या मित्रांना, मोबाईलवरच्या व्हिडिओंना. त्याच्या शेजारी जी बाई बसते, तिला मात्र कोणीच विचारलं नव्हतं.

पेणला दवाखान्यासमोर गाडी थांबवली, आईंना उतरवायला वळसा घालून धावत गेले... तर त्यांनी आतून बोटं घालून हँडल वर ओढलं होतं, आणि एक पाय खाली ठेवून त्या माझी वाट बघत होत्या.