इमरानची जागा

रत्नागिरीत मांडवीला आमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. नाझिम हातात धरून खेळायचे गेम कन्सोल उघडतो, मी गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. कन्सोल दुरुस्त होऊन घरी जातात, किस्से मात्र इथेच पडून राहतात!

*

आंबेवाले बापूकाका नातवासाठी कन्सोल घ्यायला आले ते तापूनच. "बाहेरचा आंबा पेटीत भरतात नि रत्नागिरी हापूस म्हणून विकतात! चोर मेले!" बोलता बोलता त्यांनी कॉपी केलेल्या गेमांनी भरलेलं कार्ड निवडलं.

विकणारे आम्हीच, तरी मला राहवेना. "काका, हे गेम ज्यांनी बनवले, त्यांना यातलं काय मिळतं हो?"

काकांनी कार्ड खिशात टाकलं. मग म्हणाले, "त्यांना काय फवारणी करावी लागते काय?"

*

रफिक मच्छीमार. कन्सोलवर खेळतो काय, तर मासे पकडायचा गेम! तोही फास्ट फॉरवर्डवर.

"अरे, गळ टाकून वाट बघायची, यातच तर गंमत!" मी म्हटलं.

"वाट बघायला बोट आहे ना माझी!"

*

हलीमाखालांचा मुलगा इमरान जहाजावर नोकरीला. जाताना कन्सोल घरीच ठेवून गेला. खाला चार्जर बदलायला आल्या नि नाझिमने त्यांना रिवाइंड दाखवलं. गेममधला माणूस दरीत पडला की बटण दाबायचं, तो पुन्हा काठावर उभा!

खाला कितीतरी वेळ त्याला पाडत होत्या नि वर आणत होत्या. "काय रे, हे आधी का नाय कोणी काढलं?"

त्या दिवसापासून खाला खेळायला लागल्या.

*

आणि एक दिवस रडवेल्या होऊन आल्या. गेम हवा तिथे थांबवून ती जागा सेव्ह करता येते. इमरानने बजावलं होतं, "अम्मी, खेळ, पण माझ्या सेव्हला हात लावू नको." खालांनी नेमका त्यावरच आपला सेव्ह मारला होता!

"शुक्रवारी येतोय रे. इतक्या महिन्यांनी पोरगा दारात येणार नि आल्या आल्या रागावणार!"

पुसलेला सेव्ह काही परत येईना. मग मी नि नाझिमने गेम पहिल्यापासून खेळायला घेतला, गिऱ्हाइकं सांभाळून, फास्ट फॉरवर्ड लावून. इमरानला खेळताना पाहिलेलं आठवून खाला स्टुलावर बसून रस्ता सांगत होत्या. "अजून पुढं. तो दगडी पूल, समोर राक्षस. हां, बस! इथंच होता माझा बाबू."

खालांचा खेळ दुसरीकडे ठेवून त्या जागी आम्ही हा सेव्ह केला. खालांचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी इमरान कन्सोल घेऊन दुकानात. मागोमाग खाला, घरी सगळं कबूल करून बसलेल्या.

"हा राक्षस अम्मीने मारला होता?"

"केव्हाच!" नाझिम म्हणाला.

"आणि तुम्ही मला परत त्याच्यासमोर उभं केलंत? अहो, जहाजावर जाईपर्यंत मी तिथंच मरत होतो! पुढं जाताच येत नव्हतं!"

खाला पुढं सरसावल्या.

"मग सांगायचंस ना मेल्या! मला वाटलं, तुला तिथं आवडतं!"