थोरलीच्या खोळी

मी आईवडिलांची एकुलती एक. तरी राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर मला सगळे ‘धाकटी’ म्हणायचे. पहिलीत बाईंनी विचारलं, “मग थोरली कोणत्या वर्गात आहे?” मी सांगितलं, “ती शाळेत येत नाही, कपाटावर बसते.” बाईंनी दुसऱ्या दिवशी आईला बोलावून घेतलं.

थोरली म्हणजे आमची चिंध्यांची बाहुली. पणजीची पहिली मुलगी जन्मल्यावर पाचवी पुजायच्या आत गेली, तेव्हा पणजीने ती शिवली. पुढे घरात रीतच पडली. पहिली मुलगी जन्मली की थोरलेपण बाहुलीला द्यायचं आणि जिवंत पोरीने धाकटी व्हायचं. पहिलीवर जे यायचं ते बाहुलीवर जावं, हा त्यामागचा हिशेब. म्हणून पहिला घास तिला, दिवाळीचं पहिलं तेल तिला. माझ्या लग्नात हळदसुद्धा आधी तिला लागली आणि तिची उष्टी मला. त्या बयेचा मला भारी राग यायचा, आणि तिला कुशीत घेतल्याशिवाय झोपही यायची नाही.

दुपारी सगळे उसात गेले की घरात आम्ही दोघीच. पत्र्याखाली तिचं अंग तापायचं, ताप आलेल्या पोरीसारखं. दर पिढीची आई आपल्या लेकीसाठी बाहुलीवर स्वतःच्या लुगड्याची नवी खोळ चढवायची आणि काळ्या दोऱ्याने नवे डोळे करायची. आतली जुनी खोळ कुणी काढत नसे. त्यामुळे बाहुलीच्या तोंडावर बोट दाबलं की आतल्या डोळ्यांच्या गाठी लागायच्या. आणखी दाबलं की आणखी आतल्या. सुट्टीत आजोळी बेलापूरला गेल्यावर मी हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, “दाबू नगं बाय. त्या बघत्यात.”

त्यानंतर मी बाहुलीला पालथी निजवू लागले. सकाळी ती उताणी असायची. आई करत असेल असं मी धरून चालले. विचारलं मात्र नाही, कारण ती ‘न्हाई’ म्हणाली असती तर मी काय करणार होते?

सासरी जाताना मी बाहुली मुद्दाम मागे ठेवली. आता मी नगरला शाळेत विज्ञान शिकवते. माझं पहिलं बाळ अकराव्या आठवड्यात गेलं. नवरा आणि डॉक्टरीणबाई सोडून मी कुणाला ते सांगितलं नाही, आईलाही नाही. दोन वर्षांनी लेक झाली. तिच्या पाचवीला आई बाहुली घेऊन हजर. “एखादं कापड दे, खोळ करते,” म्हणाली. मी भडकले. अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. खरं कारण वेगळंच होतं. माझ्या घरात थोरलीची जागा रिकामी नव्हती. ती त्या गेलेल्या बाळाची होती, आणि चिंध्यांच्या बाहुलीला मी ती देणार नव्हते. आई बाहुली परत घेऊन गेली.

लेकीला मी बाहुलीबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्या आईकडे राहिली. चार दिवसांनी आणायला गेले, तर ओट्यावर बाहुली मांडीवर घेऊन बसलेली.

“आई, हिला आत अजून डोळे आहेत,” ती म्हणाली. “आणि मी धाकटी आहे.”

मी आईकडे रागाने पाहिलं.

“म्या काय बी सांगितलं न्हाई,” आई म्हणाली. “तिनंच कपाटावरनं मागून घेतली.”

मी बाहुली ओढली. लेक सोडेना. शिवण उसवली आणि लेक रडत परसात पळाली. आईने कात्री आणली. “उसवलीच हाय तर बघून घे,” म्हणत तिने एकेक खोळ गळ्यापासून मोकळी केली. पणजी, आजी आणि आई. तीन खोळी असायला हव्या होत्या. सहा निघाल्या. मधल्या तिघींना डोळेच नव्हते, नुसतं कोरं कापड.

“ह्या कोण?” मी विचारलं.

“दोन तुझ्या आजीच्या. एक माझी, तुझ्या आधीची. पोटातच गेल्या.” आई खोळीवरून हात फिरवत होती. “ज्यांनी काय बघितलंच न्हाई त्यांना डोळे कशाला करायचे? थोरलीत घ्यायचं, म्हंजी उघड्यावर ऱ्हात न्हाईत.”

म्हणजे मी खरोखरच धाकटी होते.

“तुझं तवाचं कापड हाय का एखादं?” आईने मान वर न करता विचारलं.

“कधीचं?”

“त्या संक्रांतीला तिळगूळ घेतलास अन् माझ्याकडं बघितलं न्हाईस. तवाच कळलं मला. पोरीच्या पाचवीला म्या त्याच्याचपायी आलते.”

मी तिथेच ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. आठ वर्षांचं साचलेलं होतं.

बाळ गेलं त्या दिवशीची ओढणी मी टाकली नव्हती. दुसऱ्या दिवशी नगरहून घेऊन आले. आईने ती कापली, सगळ्या खोळींवरून चढवली, शिवली. मग दोरा तोडायला निघाली.

“थांब,” मी म्हणाले. “हिला डोळे करायचेत.”

“आपल्यात करत न्हाईत.”

“अकरा आठवडे ती माझ्याजवळ होती. मला तिचं तोंड बघायचंय.”

आईने शिवणीचा दोरा तोडला. मग तिने सुईत काळा दोरा ओवला आणि सुई माझ्या हातात दिली.